पार्वताबाईंनी सांगितलेला सिनेमा

पार्वताबाई गप्प झाल्या होत्या, आणि ही गोष्ट कुंदाच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

दुसरी कुणी बाई पाच दिवस बोलली नाही तर माणूस म्हणेल, घसा बसला असेल, सुनेशी वाजलं असेल. पण पार्वताबाईंचं तसं नव्हतं. सकाळी पावणेआठ वाजले की कुंदाच्या घरी त्यांचा फोन यायचाच. कुंदाच्या नवऱ्याचं, श्रीपादचं, छातीचं ऑपरेशन झालं त्या वर्षापासूनचा हा नेम. "मीराची आई, उठले का साहेब? चहा पेले का?" एवढं विचारून झालं की मग कांचघरच्या, म्हणजे जबलपुरातल्या त्यांच्या वस्तीच्या, बातम्या सुरू. कुणाच्या घरी सून आली, कुणाचा कुत्रा कुणाला चावला, नळाला पाणी किती वाजता आलं आणि त्या नळावर कोण कुणाला काय म्हणालं. श्रीपाद पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "आकाशवाणी कांचघर केंद्र. घड्याळं लावून घ्या."

रविवारनंतर तो फोन आलाच नाही. सोमवारी कुंदानं वाट पाहिली. मंगळवारी तिनं स्वतःच लावला, तर पार्वताबाईंच्या सुनेनं, शकुनं उचलला.

"तब्येत ठीक आहे जी. जेवून राहिल्या, झोपून राहिल्या. पण बोलून नाही राहिल्या. काही इचारलं तर हं म्हणतात. दिवसभर खिडकीपाशी बसल्या असतात."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"काय म्हणून दाखवू? की माझी सासू गप्प बसली? डॉक्टर मलेच पेढे मागन."

कुंदा हसली. पण रविवारी काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं. रविवारी पार्वताबाईंनी मीराचा सिनेमा पाहिला होता.

मीरा ही कुंदाची एकुलती एक मुलगी. मुंबईला राहून आठ वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत राबली आणि मग स्वतःचा एक काढला. मित्रमैत्रिणींच्या मदतीनं, सुट्ट्यांत, उसन्या कॅमेऱ्यावर. आणि काढला तो पार्वताबाईंवर.

पार्वताबाईंनी मीराला वाढवलं, असं म्हटलं तर कुंदाला आजही जरा टोचतं. पण खोटं म्हणवत नाही. एक्क्याण्णव साली मीरा तीन महिन्यांची झाली आणि कुंदाची कॉलेजच्या लायब्ररीतली रजा संपली. मूल कुणाकडे ठेवायचं? कुणीतरी सांगितलं, कांचघरला एक विदर्भातली बाई आहे, नोकरीवाल्या बायकांची मुलं सांभाळते. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "कांचघरला? त्यांच्या घरी? खायला काय घालतील?" कुंदानं त्यांना उलटून उत्तर दिलं नाही, पण मुलीला खांद्यावर टाकून ती गेली. सुशिक्षित होती, पुढारलेली होती, आणि मुख्य म्हणजे अडलेली होती.

पार्वताबाई तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या. भंडाऱ्याकडच्या, तुमसरजवळच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन त्र्याहत्तर साली जबलपूरला आल्या. नवरा सुखराम फॅक्टरीत रंगकाम करायचा. हौशी माणूस. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तो बायकोला सिनेमाला घेऊन गेला. सातवी शिकलेल्या पार्वताबाईंना हिंदीचं अक्षरही कळत नव्हतं. पडद्यावर माणसं रडत होती, भांडत होती, आणि ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी मनातल्या मनात त्यांच्या तोंडात शब्द घालत होती. ही म्हणत असेल, माझा भाऊ कुठं नेला? तो म्हणत असेल, मी नाही नेला, त्या मिशीवाल्याला विचार. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सगळी गोष्ट सांगितली. शेजारीण पदर डोळ्यांना लावून ऐकत राहिली. पुढे हिंदी आल्यावर तोच सिनेमा पार्वताबाईंनी पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं की गोष्ट वेगळीच होती. ती मिशीवाल्याची गोष्टच नव्हती. "पण माझी चांगली होती," असं त्या हे सांगताना न चुकता म्हणायच्या.

सुखराम काविळीनं लवकर गेला. पदरात एक मुलगा, दयाराम. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्या खोल्यांत पार्वताबाईंनी लोकांची मुलं सांभाळायला घेतली. एका वेळी सात-आठ. दुपारी जेवणं झाली की मुलं गोधडीवर ओळीनं आडवी करायची, आपण सूप घेऊन तांदूळ निवडत बसायचं आणि सिनेमा सांगायचा. महिन्यातल्या एका गुरुवारी मुलं शेजारणीकडे बसवून त्या दुपारचा खेळ पाहून येत, आणि मग तो सिनेमा पंधरा दिवस चाले. नियम कडक होते. इंटरवलच्या आधी प्रश्न विचारायचा नाही. इंटरवलला प्रत्येकाला मूठभर फुटाणे. जो आधीच झोपला त्याचे फुटाणे त्याच्या रुमालाच्या टोकाला बांधून ठेवायचे. कुणाचा वाटा बुडवायचा नाही. आणि पार्वताबाईंच्या सिनेमात चांगला माणूस मरत नसे. नऊ वर्षांच्या मीरानं टीव्हीवर एक जुना सिनेमा पाहिला तेव्हा ती हातपाय आपटून रडली होती. "झूठ है! बाई ने बोला था वो बच जाता है!"

तोपर्यंत मीरा हिंदीत बोलू लागली होती. ती मराठीत बोलायची बंद का झाली, याचं उत्तर कुंदाकडे बरीच वर्षं तयार होतं: जबलपूर. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, काय करणार? ते उत्तर चुकीचं होतं. मीरा दोन-तीन वर्षांची असताना भरभरून मराठी बोलायची, फक्त ती पार्वताबाईंची मराठी होती. "आई, तू काहून रडून राहिली?" कुंदा लगेच म्हणायची, "काहून नाही, का. राहिली नाही, रडते आहेस." लायब्ररीतून थकून आलेली असे, तरी हे चुकत नसे. एकदा मीरा घरी येऊन म्हणाली होती, "आज बाईनं सिनेमा नाही सांगितला. आज बाई चूप होती. सिनेमा जुळवून राहिली होती." आणि कुंदा म्हणाली होती, "जुळवून राहिली नाही, जुळवत होती." नागपूरच्या विद्यापीठातून मराठीत एम.ए. झालेल्या बाईचं कान लावून ऐकणं इतकंच होतं. आणि त्या दुरुस्त्यांमध्ये नुसतं व्याकरण नव्हतं, सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्याही थोड्या होत्या, हे कबूल करायला तिला तीस वर्षं लागली. मूल शहाणं असतं. त्यानं पाहिलं, मराठी बोललं की चुकतं, हिंदी बोललं की कुणी काही म्हणत नाही.

आता त्या सिनेमाविषयी.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यातल्या भूकंपात पार्वताबाईंच्या घराची रस्त्याकडची भिंत पडली. रात्रीची वेळ, मुलं आपापल्या घरी होती, म्हणून निभावलं. भिंत पुन्हा उभी राहिली, पण खिडकी पार मोडली होती. पंधरवड्यानं कुणीतरी सांगितलं, तिलवाऱ्याला नर्मदेच्या पुलाजवळ एक जुना बंगला पाडतायत, सागवानी खिडक्या निघाल्यायत. पार्वताबाई भर उन्हात गेल्या आणि तीन पल्ल्यांची, म्हणजे तीन झडपांची, खिडकी घेऊन निघाल्या. दहा-बारा किलोमीटर. ही गोष्ट त्यांनी पुढे शंभर वेळा सांगितली, आणि ती सगळी भांडणांची गोष्ट होती. विकणाऱ्याशी भांडण. मग भैयालाल सायकलरिक्षावाल्याशी, जो खिडकी पाहून आपल्या बुंदेलीत म्हणाला, "अम्मा, जा खिड़की नईं, जा तो पूरो मकान है!" त्यानं मेडिकल कॉलेजपर्यंत आणून हात जोडले. पुढे डोक्यावर. मग एका पोलिसाशी, ज्यानं खिडकी चोरीची आहे का विचारलं. "साहब, चोर खिड़की से घुसता है. खिड़की सिर पे रख के दोपहर में नहीं घूमता." पोलीस इतका हसला की त्या पाणी पिऊन येईपर्यंत खिडकी धरून उभा राहिला. मदनमहालपाशी पोचतात तर मागून घंटी वाजवत भैयालाल हजर. "बैठो अम्मा. घर में रोटी नहीं उतर रही थी गले से."

मीरानं याच गोष्टीवर सिनेमा केला. नाव ठेवलं 'तिलवारा ते खिडकी'. कुंदाला वर्षभर दुसरं काही सुचत नव्हतं. तो सिनेमा आवडण्याची तिनं इतकी तयारी केली होती, की मुलीच्या लग्नाचीही कुणी करणार नाही. रविवारी सकाळी राइट टाउनमधल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा तो दाखवायचा ठरला. अजून पूर्ण झालेला नव्हता, आवाजाचं शेवटचं काम बाकी होतं. पण आपल्या गावच्या माणसांना आधी दाखवायचा, असं मीरानं ठरवलं होतं. कुंदानं ऐंशी लोकांना फोन केले. पार्वताबाई निळी सुती साडी नेसून, केसाला तेल लावून, पहिल्या रांगेत श्रीपादच्या शेजारी बसल्या होत्या.

सिनेमा सुरू झाला. एक बाई डोक्यावर खिडकी घेऊन चालली. चालली. आणखी चालली. बसथांब्यावर पाणबुड्याच्या पोशाखातला एक माणूस उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि ती पुढे गेली. वाटेत चष्मे घातलेल्या तीन बकऱ्या आल्या. एका झाडावर एकजण पेटी वाजवत बसला होता. बाई एक शब्द बोलली नाही. एक तास पस्तीस मिनिटं. शेवटी ती नदीकाठी खिडकी उभी करून तिच्यामागे बसली, वारा सुटला, आणि अंधार झाला.

चित्रं सुरेख होती. खिडकीच्या पल्ल्यातून एकदा नर्मदा दिसली, तेव्हा कुंदाचे डोळे भरून आले. पण बाकी वेळ ती स्वतःला चिमटे काढत होती. आवडून घे ना, बाई, आवडून घे! पोटची पोर आहे. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बकरी को चश्मा काहे लगाया?" दुसरा म्हणाला, "आर्ट है, भाईसाहब." अंधार झाल्या झाल्या पहिली टाळी कुंदानं वाजवली, आणि ती टाळी खोटी होती. ज्या गोष्टीवर ती गेली पंचवीस वर्षं हसत आली होती, त्या गोष्टीत हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग लोकांनी प्रश्न विचारले. कुणीतरी विचारलं, ही बाई बोलत का नाही? मीरा हिंदीतच बोलली. "मेरे कान में बाई की आवाज़ है, पूरी की पूरी. लेकिन लिखने बैठती हूँ तो हिंदी उतरती है. बाई से हिंदी बुलवाऊँ तो वो बाई नहीं रहती, और उनकी मराठी मुझे आती नहीं. तो सोचा, झूठ बुलवाने से चुप रखना अच्छा."

लोकांना ते उत्तर फार खोल वाटलं. कुंदाला मात्र कुणीतरी भर सभेत नाव घेऊन उभं केल्यासारखं झालं.

आणि पार्वताबाई? त्यांनी मीराच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या कपाळाला बोटं लावून स्वतःच्या कानशिलावर कडकड मोडली, आणि ऑटोत जाऊन बसल्या. कुंदा पोचवायला सोबत होती, पण राइट टाउन ते कांचघर एक शब्द नाही. उतरताना नुसतं, "येतो, मीराची आई."

मीरा त्याच रात्री मुंबईला परत गेली. मंगळवारी तिचा फोन आला.

"आई, बाई कुछ बोली?"

"बोलल्या की," कुंदाच्या तोंडून गेलं. "फार आवडला म्हणाल्या."

"सच्ची?"

"सच्ची."

पलीकडे मीरानं इतका मोठा श्वास सोडला की तो कुंदाला ऐकू आला. "तो ठीक है. मुझे बस उन्हीं का डर था. सोमवार से आवाज़ का काम चालू होगा. उसके बाद कुछ बदल नहीं सकते."

तेव्हापासून कुंदाच्या मनात दोन दगड होते. पार्वताबाई दुखावल्या असतील, हा एक; आणि हे मीराला सोमवारनंतर कळलं तर ती आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही, हा दुसरा. खरं सांगावं तर पोरीची आठ वर्षांची उमेद मोडते. न सांगावं तर जिच्या मांडीवर पोर वाढली, ती बाई कायमची मुकी होऊन पडद्यावर चालत राहते. श्रीपाद म्हणाला, "तू उगाच पराचा कावळा करतेस. जाऊन बघून ये." शुक्रवारी दुपारी तिनं खोव्याची जिलबी बांधून घेतली आणि कांचघरला जायला ऑटो केला.

शकु दारातच उभी होती. कुंदाला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"बोलल्या का?" कुंदानं हळूच विचारलं.

"सकाळपासून सुरू झाल्या बाप्पा! आता थांबून नाही राहिल्या. आत सिनेमा चालू आहे. मधात जाऊ नका, मलेही बाहेर काढलं."

खिडकी रस्त्याकडे होती. तीच खिडकी, तीन पल्ल्यांची, सागाची. दरवर्षी तेल लावून लावून काळी झालेली. एक पल्ला उघडा होता. कुंदा जिलबीचा पुडा हातात धरून त्या पल्ल्याआड उभी राहिली. आत गोधडीवर पार्वताबाईंची नात आणि शेजारची तीन मुलं आडवी होती. पार्वताबाई सूप घेऊन बसल्या होत्या. तांदूळ निवडता निवडता त्यांचं चाललं होतं.

"तर पोट्टेहो, बाईनं खिडकी डोक्यावर घेतली. वजन किती? तुम्ही चौघं मिळून जितके, त्याच्याहून जास्त. निघाली. तर बसच्या थांब्यावर एक माणूस. डोक्यावर लोखंडाची टोपी, अंगात रबराचे कपडे, काचेतून डोळे दिसून राहिले. बाई म्हणते, काहून रे बाप्पा, असा पोशाख करून बसची वाट पाहून राहिला? तो म्हणते, अम्मा, मेरी घरवाली की नथ पुल से नर्मदाजी में गिर गई. तीन साल से ढूँढ रहा हूँ. रोज दस की बस से आता हूँ, पाँच की बस से जाता हूँ. बाई म्हणते, मग सापडली काय? तो म्हणते, नथ नहीं मिली अम्मा, लेकिन घरवाली का गुस्सा उतर गया."

मुलं खिदळली. कुंदानं तोंडावर पदर धरला.

"समोर जाते तं तीन बकऱ्या. तिघींच्या डोळ्याले चश्मे."

"दादी, बकरी को चश्मा क्यों?" नातीनं विचारलं.

"इंटरवलच्या पयले सवाल नाही! पण सांगतो. ह्या बकऱ्या एका मास्तरणीच्या. मास्तरणीच्या घरी पुस्तकंच पुस्तकं. बकऱ्यांनी सगळे खाऊन टाकले, अन् डोळे गेले."

"पुस्तक खाने से आँख जाती है?"

"न वाचता खाल्लं तं जाते."

चाळीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या कुंदाला आता हसू आवरेना. आत पार्वताबाईंनी मान वर केली, खिडकीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "इंटरवल. शकु, फुटाणे आण. अन् मीराची आई, चोर खिडकीतून येतात. तुम्ही दरवाज्यानं या."

कुंदा आत गेली. मुलांना फुटाण्यांबरोबर जिलबी मिळाली. एक मुलगा झोपला होता, त्याचे फुटाणे पार्वताबाईंनी आठवणीनं त्याच्या रुमालात बांधले. मग कुंदा त्यांच्याजवळ गोधडीच्या कडेला बसली. येताना तिनं जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं ती विसरली.

"पार्वताबाई, तुम्ही रागावला नाहीत?"

"काहून रागावीन?"

"पाच दिवस फोन नाही. मला वाटलं, सिनेमा पाहून मन दुखावलं."

"अजी, मी जुळवून राहिली होती ना! अर्धा सिनेमा कोणाले सांगू नाही, असा माझा नेम आहे. तुमच्याशी बोलली असती तं तुम्ही इचारलं असतं, कसा वाटला. मग काय सांगतलं असतं? दुसरे सिनेमे एका दिवसात जुळतात. हा लय अवघड होता बाप्पा. सुखरामनं पयला सिनेमा दाखवला तेव्हा जसं झालं, तसंच झालं. काहीच समजलं नाही. मग लागली कामाले."

कुंदाला ते जुनं वाक्य आठवलं. आज बाई चूप होती, सिनेमा जुळवून राहिली होती. हे तिला तीस वर्षांपूर्वी तिच्या मुलीनं सांगितलं होतं. स्पष्ट मराठीत सांगितलं होतं.

"म्हणजे तुम्हाला आवडला?"

पार्वताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "खरं सांगू? बसल्या बसल्या कंटाळा आला. साहेब तं माझ्या बाजूले घोरून राहिले होते." दोघी हसल्या. "पण मीराची आई, पोरीनं माझी खिडकी आठोन ठेवली. कडी कोणत्या बाजूले, ते पण बरोबर. माझ्या चुंबळीची गाठ पाहिली तुम्ही? तशी गाठ ह्या जबलपुरात कोणी नाही मारत, ती तुमसरची आहे. सहा वर्षांची होती पोट्टी, तेव्हा पाहिली असन. माझ्यावर कोणी कधी दोन ओळी नाही लिहिल्या, अन् तिनं तास-दीड तासाचा सिनेमा काढला. मी काहून रागावीन?" मग फुटाण्याचं साल फुंकून म्हणाल्या, "एकच वाटलं. मले मुकी काहून केली? मी असं कोणतं पाप केलं?"

"ते तिनं सांगितलं ना हॉलमध्ये."

"सांगतलं. ऐकलं मी."

"ते माझ्यामुळे झालं, पार्वताबाई." कुंदा म्हणाली. "ती तुमच्यासारखं बोलायची. मी तिला बोलू दिलं नाही. प्रत्येक शब्दाला अडवलं."

"माहीत आहे मले." पार्वताबाई सहज म्हणाल्या. "सकाळी यायची तं म्हणायची, बाई, आईसमोर असं नाही बोलायचं. चार वर्षांची होती. मी म्हटलं, बरं, नको बोलू."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही मास्तरणीसारख्या दिसत होत्या! भीती वाटायची." मग त्यांनी कुंदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चलो, जाऊ द्या. तुम्ही पोट्टी माझ्या घरी आणून ठेवली. तेव्हा तुमच्याकडच्या किती बायका आणत होत्या? मले तेवढं पुरे आहे. अन् पोट्टीच्या कानात आहे सगळं, तिनंच सांगतलं. कानात आहे ते कुठं जाते?"

कुंदाला वाटलं होतं, इथे येऊन आपल्याला माफी मागायला लागेल. ती मागायची राहूनच गेली, आणि उलट आपलेच आभार मानले गेले. तिनं त्या खोलीकडे पाहिलं. याच गोधडीच्या ओळीत, खिडकीच्या उजेडात तिची मुलगी रोज दुपारी आडवी पडत होती, आणि कुणीतरी तिच्यासाठी मेलेल्या माणसांना वाचवत होतं. लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारत असताना कुंदाला याची कल्पनाही नव्हती. मुलीला सिनेमाचं वेड कुठून लागलं, म्हणून ती आणि श्रीपाद डोक्याला हात लावून बसायचे.

"झाडावरचा पेटीवाला कसा जुळवला?" तिनं विचारलं.

"तो नाही जमला अजून. तो मीराले पण नसन समजला. तिलेच इचारावं लागन."

मुलं चुळबुळू लागली होती. "दादी, इंटरवल हो गया! पोलीसवाला कब आएगा?"

"येते, येते. पोलीस आल्याबिगर खिडकी घरी जाते काय?"

कुंदानं पर्समधून फोन काढला. शुक्रवार होता. सोमवारला अजून दोन दिवस होते. आधी सांगावं लागणार होतं की मी तुझ्याशी खोटं बोलले, बाई काहीच बोलल्या नव्हत्या. ते ऐकून मीरा गप्प होईल, कदाचित रडेल. आणि मलाही आवडला नाही गं, हेही सांगावं लागणार होतं. आवडावा म्हणून जीव काढला, तरी नाही आवडला. एवढं सांगून झालं की मात्र काही समजावत बसायचं नाही. फोन सुपाच्या बाजूला, तांदळापाशी ठेवायचा, आणि पोरीला म्हणायचं, आडवी हो, इंटरवलनंतरचा सिनेमा ऐक. तुझ्या बाईला बोलायचं आहे, तू लिहून घे, काही अडलं तर मला विचारू नकोस, त्यांनाच विचार.

"पार्वताबाई, दोन मिनिटं थांबाल? अजून एक पोर यायचं आहे."

पार्वताबाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा कुंदाकडे. मग गोधडीवरच्या मुलांना त्या म्हणाल्या, "सरका रे थोडे. जागा करा," आणि शकुला आणखी मूठभर फुटाणे आणायला सांगितले.

कुंदानं मीराचा नंबर लावला.